बेळगावात पाणी किती अंशांना उकळतं?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, हे वाक्य प्राथमिक शाळेपासून पाठ असतं. पण बेळगावच्या कुठल्याही हायस्कूलमध्ये बीकरमध्ये पाणी तापवून तापमापी धरली, तर ती ९७.५ अंशांच्या आसपास येऊन थांबते. पाणी खळखळत असतं, वाफ निघत असते, आकडा मात्र पुढे सरकत नाही. मग तापमापी जुनी झाली असेल असं ठरतं आणि वहीत १०० लिहिलं जातं. विज्ञान शिकवण्यातलं फार मोठं नुकसान या अडीच अंशांत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं चुकीचं आणि छापलेलं बरोबर, असं मूल तिथे शिकतं.

खरं तर पुस्तकही चुकलेलं नाही आणि तापमापीही. पाण्यातल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो आणि १०० हा आकडा तिथला आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास. साधारण ३०० मीटर वर गेलं की उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, एका अंशाने उतरतो, हा ठोकताळा लावला तर बेळगावला ९७.५ आणि सुमारे ६०० मीटरवरच्या निपाणीला ९८ येतात. कारवारच्या किनाऱ्यावर मात्र १००.

हा प्रयोग एका तासिकेत बसतो, पण त्याची सुरुवात बर्फापासून करावी. बर्फाचा चुरा करून पेल्यात भरायचा, थोडं पाणी घालायचं आणि तापमापीचा फुगा त्यात पाच मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचा. आकडा ० यायला हवा. १ आला तर तो दोष फळ्यावर लिहून ठेवायचा. वरच्या टोकालाही नेमका तेवढाच दोष असेल असं नाही, पण बिघडलेली तापमापी इथेच ओळखू येते. मग २५० मिलीच्या बीकरमध्ये १५० मिली पाणी घेऊन जाळीवर तापवायचं, दर दोन मिनिटांनी नोंद घ्यायची आणि आकडा तीन नोंदींत तोच राहिला की थांबायचं. पाणी उकळायला लागल्यावर आच मोठी करून बघायला मुलांना जरूर सांगावं. वाफ वाढते, तापमान वाढत नाही. अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता, कळायला यापेक्षा सोपी वाट नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. तापमापीचा फुगा बीकरच्या तळाला टेकला तर तो काचेचं तापमान दाखवतो आणि आकडा जास्त येतो. म्हणून ती स्टँडला दोऱ्याने टांगावी, हातात धरू नये. डोळा पाऱ्याच्या पातळीत नसेल तर अर्ध्या-एका अंशाची चूक सहज होते. पाणी बोअरचं आहे, क्षारांमुळे फरक पडला असेल, अशी शंका एखादं मूल काढतं. शंका चांगली आहे आणि तपासता येते: लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं तरी उत्कलनांक जेमतेम ०.६ अंशाने वाढतो. मीठ पाणी गार असतानाच घालावं. उकळत्या पाण्यात टाकलं की ते उसळून अंगावर येतं.

पदवी महाविद्यालयात लंबकाचंही हेच होतं. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं आणि जर्नलमध्ये ९.८१ लिहायचं, म्हणजे प्रॅक्टिकल बरोबर! बेळगावचा अक्षांश आणि उंची लक्षात घेतली तर इथलं मूल्य ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्गच्या जवळ आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी ९.८१ धरलं तर ४०.१२ सेकंद लागतील, ९.७८ धरलं तर ४०.१८. फरक ०.०६ सेकंदाचा. स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूकच ०.१ ते ०.२ सेकंद असते. म्हणजे एवढ्या मोजणीवरून या दोन मूल्यांत निवड करणं शक्यच नाही, आणि विद्यार्थ्याला शिकवायचं आहे ते हेच. जर्नलमध्ये ‘९.७५, अधिक-उणे ०.०५’ असं लिहिणारी मुलगी ‘९.८१’ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त भौतिकशास्त्र जाणते. गुण तिला मिळायला हवेत. मोठी चूक होते ती लांबी मोजताना. दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचा असतो. २ सेंमी व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजला तर लांबी एक टक्का कमी भरते आणि उत्तरही तेवढंच, ९.६८ च्या आसपास घसरतं.

शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. परीक्षा जे विचारते तेच वर्गात होतं. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमाने हे ओळखलं होतं. तिथे सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करून शिकत आणि परीक्षेलाही पुस्तक-वही उघडून बसत. शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी. तो उपक्रम २००२ साली बंद झाला, पण परीक्षेबद्दलचा त्याचा धडा आजही उपयोगी आहे. आपल्याकडे कर्नाटकात एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, विज्ञानात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत आहेत. हे २० शाळेच्याच हातात आहेत. प्रयोगाची आकृती सुबक काढली म्हणून ते देण्याऐवजी कच्च्या नोंदींची वही बघून द्यावेत. त्या वहीत रबर चालणार नाही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा आणि बाजूला कारण लिहायचं.

दुसरा प्रयोग शाळेच्या मैदानावर २२ डिसेंबरच्या सुमाराला करावा. त्या दिवसांत सीमाभागात आकाश बहुधा स्वच्छ असतं आणि शाळाही चालू असते. एक मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंबा लावून सरळ उभी करायची आणि १२ वाजून १० मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सर्वांत लहान सावली १२ वाजता पडत नाही, १२:३० च्या आसपास पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, बेळगाव ७४.५ अंशांवर. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून ८ अंशांना ३२ मिनिटांचा उशीर. त्या वेळी सावली सुमारे ८२ सेंमी भरते. दहावीच्या मुलांना टॅन्जंट येतोच: ०.८२ चा कोन साधारण ३९.३ अंश, त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे त्या दिवशी तो विषुववृत्ताच्या जितके अंश दक्षिणेला असतो ते २३.४, वजा केली की १५.९. हा बेळगावचा अक्षांश. काठी एक अंश कलली तर सावली जवळपास पावणेदोन सेंमी चुकते, तेव्हा ओळंब्यात हयगय नको. टोकाची सावली पुसट दिसते ही कायमची तक्रार असते. काठीच्या टोकावर ५ मिलिमीटरचं भोक पाडलेलं पुठ्ठ्याचं तुकडं आडवं बसवावं आणि उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजावा.

पाठांचा क्रमही ऋतू बघून लावता येतो. आम्ल-आम्लारीचा पाठ जून-जुलैत आला तर शिकवताना हाताशी लिटमसशिवाय काही नसतं. तोच दिवाळीनंतर घेतला तर गुऱ्हाळं चालू असतात आणि सगळा पाठ काहिलीत उकळत असतो. ताजा उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि आम्लात साखरेचं विघटन होऊन गूळ नीट बसत नाही, म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात. चुना जास्त झाला की गूळ काळपट होतो. वर्गात १०० मिली रस घेऊन निवळी थेंबाथेंबाने घालावी आणि हळदीचा कागद पिवळ्याचा तांबूस होऊ लागला की थांबावं. निवळी शिक्षकांनीच तयार करावी, चुना डोळ्यांत जाता कामा नये. आणि गुऱ्हाळात तापमापी नेता आली तर उत्कलनांकाची उरलेली गोष्ट तिथे दिसते. रस उकळायला लागतो तेव्हा पाण्याच्या जवळपास असतो, पण आटत जाईल तसा आकडा चढतो आणि गूळ उतरवायच्या वेळी ११८ च्या आसपास पोहोचतो. त्यासाठी ० ते २०० अंशांची तापमापी हवी, ११० ची फुटेल. काहिलीजवळ मुलांना जाऊ देऊ नये, आकडा गुळव्याने वाचून दाखवावा.

मराठी माध्यमातून दहावी झालेलं मूल पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतं, तेव्हा कळलेली कल्पनाही नव्या इंग्रजी शब्दामुळे परकी वाटते. दहावीच्या सुट्टीत शब्दांची यादी पाठ करून ही अडचण सुटत नाही. आठवीपासून प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत मोजलेल्या राशीचं नाव दोन्हीकडचं लिहावं: उत्कलनांक म्हणजे बॉइलिंग पॉइंट, दाब म्हणजे प्रेशर, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. स्पष्टीकरण मात्र मराठीतच लिहावं, नाहीतर मूल वाक्यं उतरवून काढतं. वस्तुमान आणि वजन यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण बाजारात दोन्हींना वजनच म्हणतात. शेजारच्या कन्नड शाळेत याच दाबाला ओत्तड आणि वस्तुमानाला द्रव्यराशी म्हणतात. आकडे मात्र दोन्ही शाळांत तेच येतात, त्यामुळे नोंदी एकत्र करायला भाषेची अडचण नाही. बेळगाव, निपाणी, अथणी आणि कारवारच्या एकेका शाळेने एकाच दिवशी पाणी उकळून आकडे फोनवर कळवले, तर आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर उत्कलनांक घेऊन चार बिंदूंचा आलेख होतो. त्यातून जाणारी रेघ मुलांनी पट्टीने काढायची आणि त्यावरून एखाद्या पाचव्या गावाचा उत्कलनांक आधी सांगून मग तिथे जाऊन मोजायचा.