फ्रेस्को आणि सेक्को: भिंत ओली की कोरडी?

लिओनार्दो दा विंचीच्या, मिलानमधल्या ‘द लास्ट सपर’ या भित्तिचित्राला सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं. ते फ्रेस्को नाही, आणि नाही म्हणूनच त्याची एवढी दुर्दशा झाली.

इटलीच्या प्रबोधनकाळात ओल्या गिलाव्यावर रंगवलं तर फ्रेस्को, वाळलेल्यावर रंगवलं तर सेक्को. खरा प्रश्न रंग कशाने धरून ठेवायचा हा.

फ्रेस्कोच्या रंगात डिंक, अंडं, तेल काहीच नसतं. पूड नुसत्या पाण्यात खललेली. विरवलेला चुना आणि वाळूचा आधी खरबरीत थर, त्यावर पातळ, गुळगुळीत थर. हा वरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. त्यासाठी रंग गिलावा ओला असतानाच बसला पाहिजे, म्हणजे हाताशी काही तासच. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. त्याला ‘जोर्नाता’ म्हणतात. उरलेला कोरा गिलावा संध्याकाळी आकृतीच्या कडेने तिरका कापून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा सांधा बाह्यरेषेत लपतो. चुकलं तर पुसायची सोय नाही, तुकडाच खरवडावा लागतो. मायकेलँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत (१५०८–१५१२) असंच रंगवलं. सुरुवातीला गिलाव्यात पाणी जास्त झालं आणि चित्रावर बुरशी आली.

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. तो कधी दिवसभर रंगवी, कधी नुसता बघत उभा राही. म्हणून १४९५ च्या सुमारास त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर देऊन तेल आणि टेम्पेराने, म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगाने, ‘द लास्ट सपर’चं काम केलं. निवांतपणा मिळाला, पण रंग भिंतीत मुरलाच नाही, वर चिकटून राहिला. भिंतीला ओल आली आणि वीसेक वर्षांतच पोपडे सुटू लागले.

तरी सेक्को म्हणजे आळशाचं काम नव्हे. अ‍ॅझुराइट या खनिजाचा निळा रंग ओल्या चुन्यात नीट बसत नाही, म्हणून तो फ्रेस्को वाळल्यावर वरून चढवत. पुष्कळ जुन्या फ्रेस्कोंत नेमकं निळंच झडलेलं दिसतं ते यामुळे.

अजिंठ्याच्या चित्रांनाही फ्रेस्को म्हणायची सवय आहे. तिथे माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे सेक्कोच.

ओळखायचं असेल तर बाजूने पडणाऱ्या तिरप्या उजेडात भिंत बघावी: जोर्नातांचे सांधे दिसले तर फ्रेस्को. गिलावा शाबूत असून नुसत्या रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील, तर निदान तेवढा भाग तरी सेक्को.