पित्ताची गोळी: केव्हा घ्यावी, किती दिवस घ्यावी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या औषध दुकानात पित्ताच्या गोळीला बारमाही मागणी असते. तांबड्या रश्श्याचे जेवण झाले, छातीत जळजळू लागले, की रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी एक गोळी घ्यायची, असा कोल्हापुरात अनेकांचा शिरस्ता आहे. गोळीत दोष नसतो, परंतु भलत्या वेळी घेतल्यामुळे तिचा पुरेसा उपयोग होत नाही.

पित्ताची गोळी म्हणून घेतली जाणारी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल आणि राबेप्राझोल ही एकाच गटातील औषधे आहेत. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि जेवणाबरोबर ते कामाला लागतात. रक्तावाटे तेथे पोहोचलेले औषध मुख्यतः चालू पंपच बंद पाडू शकते. म्हणून सकाळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास गोळी घेतल्यास पंप सुरू होण्याच्या सुमारास औषध तेथे हजर असते. शरीर नवे पंप तयार करीतच राहते, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसण्यास तीन-चार दिवस लागतात. गोळीवरील आवरण औषधाला आम्लापासून वाचवते, तेव्हा ती कुटू अथवा चावू नये.

ताबडतोब आराम हवा असल्यास बाटलीतील पातळ अँटासिड अधिक उपयोगी पडते, कारण ते तयार झालेले आम्लच निष्प्रभ करते. मात्र त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. त्यातील ॲल्युमिनियममुळे मलावरोध होतो आणि मॅग्नेशियममुळे जुलाब, म्हणून बहुधा दोन्ही एकत्र घातलेली असतात. लोह, थायरॉइडची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके त्यासोबत घेतल्यास अंगी नीट लागत नाहीत. किमान दोन तासांचे, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी अँटासिड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पित्ताच्या गोळीने काहींचे डोके दुखते, काहींना जुलाब होतात. हे त्रास सहसा किरकोळ असतात. खरी काळजी अनेक महिने, अनेक वर्षे चालणाऱ्या गोळीची वाटते. चिठ्ठीवर चौदा दिवस लिहिलेले असतात आणि घड्यांवर विरलेली तीच चिठ्ठी वर्ष उलटल्यावर पुन्हा काउंटरवर येते. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, तसेच हाड मोडण्याचा आणि आतड्याच्या काही संसर्गांचा धोका थोडा वाढलेला आढळतो. एकाएकी बंद केल्यास काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते, आणि रुग्णाला वाटते की गोळीवाचून आपले चालणारच नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करणे हिताचे असते. सांधेदुखीच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांना मात्र जठराच्या रक्षणासाठी ही गोळी मुद्दाम दिलेली असू शकते. त्यांनी हे पत्रक वाचून ती परस्पर बंद करू नये.

पित्ताच्या औषधात मळमळीसाठी डॉम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूलही सर्रास मागितली जाते. डॉम्पेरिडोनमुळे क्वचित हृदयाचे ठोके अनियमित होतात, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे. केवळ जळजळ होत असेल, तर या जोडगोळीची गरज नसते, असे आमचे मत आहे.

जुलाबावरील लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावते. ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना ते घेतल्यास जंतू आतच अडकून राहतात. लहान मुलांना तर ते स्वतःहून कधीच देऊ नये. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आल्यावर पहिले औषध म्हणजे ओआरएस. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि चोवीस तासांत संपवावे. अर्धे पाकीट तांब्याभर पाण्यात अंदाजाने घालू नये.

शौच डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त दिसणे, घास अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास आमच्याकडे गोळी मागू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे अथवा सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात जावे. छातीतील जळजळीबरोबर घाम येत असेल किंवा डावा हात दुखत असेल, तर ते पित्तच आहे असे गृहीत धरून क्षणभरही थांबू नये.

खरेदीला येताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णासह, सोबत आणाव्यात.