पेइचिंगचा ‘प’

नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियानहून आले, पण नागपूरची चीनशी ओळख त्याहून बरीच जुनी. १९३८ मध्ये काँग्रेसने युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले डॉ. चोळकर नागपूरचे. त्याच पथकातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथेच राहिले, भाषा शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. भाषा येणं आणि वर्ग सांभाळणं या दोन निराळ्या गोष्टी. शाळेत मंदारिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, आलं तेव्हा गाडी इथेच अडली.

त्याआधीचा आपला चिनी अभ्यास विद्यापीठांतला. १९३७ साली तान युन-शान यांच्या धडपडीतून शांतिनिकेतनात चीना भवन उभं राहिलं. तिथे ग्रंथ वाचायचे होते, सहावीची पोरं आवरायची नव्हती. २०११ च्या सुमारास सीबीएसईने सहावीपासून मंदारिनचा पर्याय दिला आणि शिक्षकांचा शोध सुरू झाला. २०१२ मध्ये हानबानशी, म्हणजे चिनी भाषेच्या जगभर प्रसाराचं काम पाहणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाशी, करार झाला. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची नावं देताना मसुद्यातली चिनी गळली. गलवानच्या चकमकीला तेव्हा दीड महिना झाला होता.

शिक्षकांपुढचं शिखरही उंचावलं. परदेशी माणसाला चिनी किती येतं हे मोजणाऱ्या एचएसके परीक्षेची जुनी सहावी, सर्वांत वरची पातळी म्हणजे पाच हजार शब्द. २०२१ च्या नव्या निकषांत नऊ पातळ्या आणि अकरा हजारांवर शब्द आहेत.

पण मला खरी गंमत वाटते ती उच्चारांची. पिन्यिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, १९५८ मध्ये चीनने आपल्याच लोकांच्या साक्षरतेसाठी स्वीकारलं. आपण ते इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि फसतो. त्यातला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. राजधानीचं नावही ‘बेइजिंग’पेक्षा ‘पेइचिंग’च्या जवळचं. ‘फाओ’ म्हणजे पळणं, ‘पाओ’ म्हणजे पोट भरलेलं. मंदारिनमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो, पण इथे सूर दोन्हींचा एकच, चारांतला तिसरा. पी दिसला म्हणून पोराने प म्हटला, की ‘मी पळतो’चं ‘माझं पोट भरलं’ होतं.

हा फरक शिकवायला प्रशिक्षणात तोंडासमोर कागदाची पट्टी धरतात: पी म्हणताना ती हलली पाहिजे. मराठी मुलाला पट्टी कशाला? त्याच्याकडे बाराखडी आहे. झेडसाठी ‘चाक’मधला च आहे, जेसाठी ‘चिंच’मधला. दुसऱ्या, चढत्या सुरासाठी तर नागपुरी ‘काऊन?’ पुरे.

अडचण एकच. आता वर्गातली बरीच पोरं ‘फळ’ इंग्रजी एफने म्हणतात, त्यामुळे मंदारिनच्या तासाला आधी मराठी फ घोटून घ्यावा लागतो.