‘पोक काढू नकोस’ : एका सांगण्याची पार्श्वभूमी

खानदेशातल्या घरांत अभ्यासाला बसलेल्या मुलाला ‘पोक काढू नकोस, ताठ बस’ असे हमखास ऐकावे लागते. हे सांगणे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाटते, परंतु त्यात वेगवेगळ्या काळांतले आणि वेगवेगळ्या हेतूंनी मांडलेले विचार एकमेकांत मिसळलेले आहेत.

सर्वांत जुना विचार योगाचा. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाचे लक्षण ‘स्थिरसुखमासनम्’ एवढ्याच शब्दांत दिले आहे. बैठक स्थिर हवी आणि सुखाचीही हवी. हे लक्षण ध्यानासाठी सांगितलेले होते, दिवसभराच्या कामासाठी नव्हे. तरीही पुढे ‘स्थिर’ तेवढे लोकांच्या लक्षात राहिले आणि ‘सुख’ मागे पडले, असे मला वाटते.

दुसरा विचार युरोपातला आहे. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि ‘सरळ’ व ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याचे नाव बनवले. अस्थिरोगशास्त्राचे ‘ऑर्थोपेडिक्स’ हे नाव त्यावरूनच आले. वाकडे रोपटे सरळ खुंटाला बांधल्याचे त्या ग्रंथातले चित्र आजही या शास्त्राचे बोधचिन्ह म्हणून वापरले जाते. इंग्रजी राजवटीत शाळांमधून कवायत आली. छाती पुढे, खांदे मागे, नजर समोर ही ‘सावधान’ची ठेवण सैनिकी शिस्तीची होती, पाठीच्या आरोग्याशी तिचा संबंध पुढे जोडला गेला.

या दोन्ही विचारांना एकत्र तपासून पाहणाऱ्यांपैकी एक व्यक्ती आपल्या अमळनेरशी निगडित आहे, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायामविद्येचे आणि पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजी महाराजांकडे योगाचे शिक्षण घेतले होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीने अमळनेरला चालवलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९२१ पासून प्राचार्य होते. त्याच सुमारास उड्डियान (पोट आत ओढून घेणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) या योगक्रियांमुळे शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम या योगसंशोधन संस्थेची स्थापना केली. योगातील दावे मोजून पाहण्याची ही वृत्ती घडण्याच्या काळात ते खानदेशात शिकवत होते, याचे मला फार मोल वाटते.

दरम्यान घरातली आणि बाजारातली बैठक जमिनीवरचीच होती. बायका एक पाय लांबवून जात्यावर दळत, चुलीपुढे उकिडव्या बसत. जेवण पाटावर मांडी घालून होई. पेढीवरचे मुनीम गादीवर बसून उतरत्या पेटीवर खतावणी लिहीत. या बैठकींत शिण नव्हता असे मुळीच नाही, परंतु माणूस सतत उठे, बसे, वाके आणि बैठक आपोआप बदले. खुर्ची, शाळेतला बाक आणि स्वयंपाकघरातला उभा ओटा आल्यावर हे बदलणेच कमी झाले. ओट्याची उंची तर बहुधा गवंड्याच्या सवयीने ठरते. उभ्याने करायच्या हलक्या कामाची पातळी कोपरापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असावी आणि जोर लावायच्या कामाची त्याहूनही खाली, असे श्रमशास्त्र, म्हणजे काम आणि साधने माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे शास्त्र, सांगते. कळण्याची भाकरी थापणारी बाई ठेंगणी असेल, तर ओट्याच्या उंचीत परातीची भर पडून तिला रोज खांदे उचलूनच काम करावे लागते. तिला ‘ताठ उभी राहा’ म्हणून काय उपयोग?

पाठीच्या मणक्यांवरील ताण प्रत्यक्ष मोजण्याचे काम स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात सुरू केले. उभे असताना कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीवरचा (‘डिस्क’वरचा) दाब १०० धरला, तर उताणे निजल्यावर तो सुमारे २५, आधाराशिवाय बसल्यावर १४० आणि बसून पुढे झुकल्यावर १८५ होतो, हे त्यांचे आकडे जगभर पसरले आणि ताठ बसण्याच्या उपदेशाला त्यांनी मोठे बळ दिले. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकावर केलेल्या मोजणीत मात्र सैल बसल्यावरचा दाब उभे राहण्यापेक्षा कमी आढळला. त्यानंतर एकच आदर्श बैठक शोधण्यापेक्षा ठेवण वारंवार बदलण्यावर भर वाढत गेला. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात नमूद झाले, तेही या बदलत्या दृष्टीला धरूनच: दोष मुलाच्या सवयीत शोधण्याऐवजी त्याच्या पाठीवरच्या ओझ्यात शोधला गेला.

शेतीच्या बाबतीत ही दृष्टी अजून पुरेशी पोहोचलेली नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मजुरांना दिवसभर वाकायला लावणारे आखूड दांड्याचे अवजार १९७५ मध्ये बंद झाले, आणि तेही मजुरांना न्यायालयात जाऊन मिळवावे लागले. आपल्याकडे चाकावर ढकलत चालवायच्या सायकल कोळप्यामुळे तासांमधली निंदणी उभ्याने होऊ लागली आहे. रोपाच्या बुंध्याजवळचे तण मात्र अजूनही खुरप्याने, बसून किंवा वाकूनच काढावे लागते, आणि कापसाची वेचणी करणारी बाई कमरेला बांधलेली झोळी भरत जाईल तसतशी पुढे ओढली जाते.