‘तीन आठवडे थांबा’ कुठून आलं? एसीएल शस्त्रक्रियेआधीच्या व्यायामाची पार्श्वभूमी

एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर ठेवणारा अस्थिबंध, तुटला की शस्त्रक्रियेआधी ‘तीन आठवडे थांबा’ असं सांगितलं जातं. हा अस्थिबंध शिवण्याचा प्रयत्न इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १८९५ सालीच झाला होता. पण शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाकडून व्यायाम करून घ्यायचा, हा विचार रुजायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली. अशा पूर्वतयारीसाठी आज वापरला जाणारा ‘प्रीहॅबिलिटेशन’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यात वापरला गेला, तोही शारीरिक निकषात न बसणाऱ्या तरुणांची तब्येत सुधारण्यासाठी. गुडघ्याशी त्याचा संबंध नव्हता.

खरी कहाणी सुरू होते ती १९९१ च्या आसपास. त्याआधीच्या काळात शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये असायचा आणि गुडघा आखडणं ही नित्याची तक्रार होती. अमेरिकेतल्या एका शल्यचिकित्सकाने १९९१ मध्ये आपल्याच रुग्णांची छाननी केली. दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुडघे जास्त आखडले होते. तीन आठवड्यांनंतर झालेल्यांमध्ये तो त्रास कमी होता. तिथून ‘तीन आठवडे थांबा’ हा नियम जगभर गेला.

माझ्या मते गफलत इथेच झाली. लोकांनी कॅलेंडर उचललं आणि गुडघा मागे राहिला. त्या तीन आठवड्यांत सूज उतरते, पाय पूर्ण सरळ होतो, मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा ‘जागा’ होतो. महत्त्व या बदलांना आहे. गुडघ्यात पाणी असलं की हा स्नायू मेंदूचा हुकूम नीट ऐकत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून रुग्णाला ‘गुडघा खाली दाबा’ म्हटलं, की धडधाकट पायात वाटी लगेच मांडीकडे सरकते आणि तिच्या आतल्या बाजूला स्नायूचा उंचवटा दिसतो. दुखऱ्या पायात कपाळावर घाम येतो, वाटी मात्र हलत नाही. असा गुडघा पाचव्या आठवड्यातही तयार नसतो. उलट, एखादा दोन आठवड्यांतच तयार होतो. घरी बर्फ लावून, पाय उशीवर टाकून काढलेले तीन आठवडे म्हणजे पूर्वतयारी नव्हे.

२००९ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी याला आकडा दिला. शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायापेक्षा २० टक्क्यांहून अधिक घटलेली होती, त्यांची तूट दोन वर्षांनीही भरून आली नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी पाच आठवड्यांचा चढत्या भाराचा व्यायामक्रम मांडला. २०१६ च्या एका तुलनेत अशी तयारी केलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण दोन वर्षांत आधीच्या खेळाकडे परतले होते, नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत ६३ टक्के. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तरी कल स्पष्ट आहे.

शस्त्रक्रिया कधी करावी, हा वाद वाढवला तो ‘लवकर’ या शब्दाने. १९९१ च्या छाननीत लवकर म्हणजे पहिला आठवडा. २०१० च्या स्वीडिश चाचणीत लवकर म्हणजे दहा आठवड्यांच्या आत, तर २०२१ च्या डच चाचणीत सहा आठवड्यांच्या आत. ‘लवकर केलेली बरी की वाईट’ असं भांडणारे अनेकदा वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. स्वीडिश चाचणीत आधी व्यायाम करून मग गरज पडली तर शस्त्रक्रिया, अशा गटात ५९ जण होते. दोन वर्षांत त्यांतल्या २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली. डच चाचणीत अशा गटातल्या निम्म्यांची शस्त्रक्रिया टळली. तयारी म्हणून सुरू केलेला व्यायामच अनेकांसाठी उपचार ठरला.

२०२२ ची ब्रिटिश चाचणी मात्र वेगळं सांगते. दुखापत जुनी होऊन गुडघा वारंवार सटकत असलेल्या ३१६ जणांत शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. आपल्याकडचा कबड्डीपटू बहुधा याच रांगेत असतो: चढाईत गुडघा पिरगळतो, तेल-मालीश होते, पुढचा हंगाम पट्टा बांधून खेळला जातो, आणि एमआरआय होईपर्यंत मांडी बारीक झालेली असते. त्याच्या बाबतीत तीन आठवड्यांचा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो. मोजायची ती त्याची मांडी.