गुडघेबदलानंतरची ओपिऑइड-कपात: आकडा कुठून येतो?

गुडघेबदलानंतर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनसारखी सवय लावू शकणारी वेदनाशामके, कमी करण्याच्या आजच्या आग्रहाची मुळे मुख्यतः अमेरिकेत आहेत. तिथे १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात अंमली वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ जणांपैकी, आधी व्यसन नसलेल्यांत, नवे व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची होती. पत्र दाखल रुग्णांपुरते होते, घरी न्यायच्या गोळ्यांबद्दल त्यात काही नव्हते. तरी पुढे ते घरच्या गोळ्यांसाठीही पुरावा म्हणून वापरले गेले. नव्वदच्या दशकात वेदनेला नाडी-रक्तदाबाच्या पंगतीत बसवण्याची मोहीम आली, २००१ मध्ये रुग्णालयांच्या मानांकनात वेदनेची नोंद सक्तीची झाली. सांधेरोपण ही तर हमखास दुखणारी शस्त्रक्रिया. तिथे चिठ्ठ्या सैल सुटल्या.

पर्याय नव्हते असे नाही. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र देऊन मॉर्फीन कमी करायचे, ही मांडणी १९९३ पासून छापील स्वरूपात होती. पण तिची वाट सरळ गेली नाही. २००४ मध्ये एक लोकप्रिय कॉक्स-२ औषध (सूज आणि वेदना कमी करणारे, ओपिऑइड नसलेले) हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून गेले. २००९ मध्ये या विषयावर भरपूर लिहिणाऱ्या एका भूलतज्ज्ञाच्या २१ शोधनिबंधांत बनावट माहिती सापडली. मांडीच्या नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारे इंजेक्शन, वेदना छान थांबवायचा, पण पुढचा स्नायूही ढिला पडायचा आणि रुग्ण उभा राहताना कोसळायचा. म्हणून ब्लॉक मांडीत खाली सरकला, आणि सांध्याभोवती शस्त्रक्रियेतच औषध टोचण्याची पद्धत रुळली.

खरा गुंता मात्र मोजमापाचा आहे. ‘ओपिऑइड इतके टक्के घटले’ असे निष्कर्ष बहुधा मॉर्फीन-समतुल्य मिलिग्रॅममध्ये दिले जातात, म्हणजे प्रत्येक ओपिऑइडची मात्रा तितक्याच ताकदीच्या मॉर्फीनमध्ये बदलून. त्यासाठी प्रत्येक औषधाला एक गुणक असतो, त्याने मात्रेला गुणायचे: ऑक्सिकोडोनला १.५, ट्रामाडॉलला आधीच्या तक्त्यांत ०.१. हे गुणक दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांच्या धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी होते, दोन उपचारांची तुलना करण्यासाठी नव्हे. अमेरिकेच्या २०२२ च्या सुधारित राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ट्रामाडॉलचा गुणक ०.२ केला, म्हणजे सरळ दुप्पट. आता हिशेब करून पाहा. दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या ऑक्सिकोडोनच्या सहा गोळ्या, म्हणजे ४५. त्याऐवजी ५० मिलिग्रॅम ट्रामाडॉलच्या सहा दिल्या तर जुन्या गुणकाने ३०, नव्याने ६०. तोच बदल जुन्या तक्त्यात एक तृतीयांश घट ठरतो, नव्यात एक तृतीयांश वाढ! रुग्णाच्या पोटात गेले तेच. ट्रामाडॉलकडे वळून ‘कपात’ दाखवणारे २०२२ पूर्वीचे अहवाल म्हणूनच मी दोनदा वाचतो. त्यात भर म्हणजे स्पायनल भुलीसोबत दिलेले मॉर्फीन काही अभ्यास बेरजेत धरतात, काही धरत नाहीत. आणि पुष्कळदा मोजणी थांबते ती पहिल्या ४८ तासांवर, म्हणजे नेमकी डिस्चार्जच्या आसपास.

घरी काय झाले, हा प्रश्न वेगळ्याच निर्णयाने पुढे आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत हायड्रोकोडोन या ओपिऑइडच्या गोळ्या कडक नियंत्रणाच्या वर्गात गेल्या. फोनवरून पुन्हा गोळ्या मागवण्याची सोय संपली. हेतू कपातीचा होता. पण रुग्णाला परत बोलवायला नको म्हणून काही शल्यचिकित्सकांनी पहिलीच चिठ्ठी मोठी लिहिली. उरलेल्या गोळ्या कपाटात राहिल्या. २०१६ पासून काही राज्यांनी पहिल्या चिठ्ठीला दिवसांची मर्यादा घातली. त्याच वर्षी आलेली राष्ट्रीय मार्गदर्शिका जुनाट वेदनेसाठी होती, तरी तिच्यातले दिवसाला ५० आणि ९० मॉर्फीन-समतुल्य मिलिग्रॅमचे उंबरठे ऑपरेशननंतरच्या रुग्णांनाही लावले गेले. २०१९ मध्ये तसे करू नका असा खुलासा करावा लागला.

त्याच वर्षाअखेरीस गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन या नसांच्या वेदनेवरील औषधांवर श्वास मंदावण्याचा इशारा आला, विशेषतः वृद्धांमध्ये आणि ओपिऑइडसोबत घेतल्यास. ओपिऑइड वाचवण्यासाठी गुडघ्याच्या रुग्णांना ती सर्रास दिली जात होती, आणि हे रुग्ण बहुतेक वृद्धच.

जानेवारी २०२५ मध्ये नसांमधून वेदनेचा संदेश नेणारी सोडियम वाहिनी रोखणाऱ्या, ओपिऑइड नसलेल्या नव्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावरील आणि पोटाच्या त्वचेच्या शस्त्रक्रियांनंतर झाल्या. तिथे ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलपेक्षा नाही.