व्हाइट हाऊसमध्ये कुठल्या पत्रकाराला आत घ्यायचं, हे ठरवतं कोण?

ट्रम्प आणि मीडियाच्या भांडणावर बोलताना आपण शिव्या, ट्विट, फेक न्यूज यातच अडकतो, पण खरा वाद फार जुना आहे. राष्ट्राध्यक्षांसमोर उभं राहून प्रश्न कोण विचारणार आणि ते ठरवायचा हक्क कुणाचा, हा तो वाद.

१९०२ मध्ये व्हाइट हाऊसची वेस्ट विंग, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा भाग, बांधली तेव्हा पत्रकारांना तिथे बसायला खोली मिळाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट दाढी करून घेता घेता बातमीदारांशी गप्पा मारायचे, पण कुणाशी बोलायचं ते त्यांच्या मर्जीवर, विश्वासाने सांगितलेलं कुणी छापलं की त्याचं नाव कट. मग वुड्रो विल्सन आले आणि १५ मार्च १९१३ ला त्यांनी सगळ्यांसाठी खुली अशी पहिली रीतसर पत्रकार परिषद घेतली, शंभराच्या वर लोक जमले होते. काही महिन्यांतच छापायचं नाही म्हणून सांगितलेलं छापून आलं, विल्सन भडकले, आणि आता कोण आत येणार हे काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, कमिटी ठरवणार अशी अफवा उठली. त्या भीतीपोटी २५ फेब्रुवारी १९१४ ला व्हाइट हाऊस करस्पॉन्डंट्स असोसिएशन ही पत्रकारांची संघटना स्थापन झाली.

आता असोसिएशन म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे असं अजिबात नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट आठवड्यातून दोनदा आपल्या टेबलाभोवती पत्रकारांना गोळा करायचे, लेखी प्रश्न आधी द्यायची अट त्यांनी काढून टाकली होती, पण त्या गर्दीत १९४४ पर्यंत एकही कृष्णवर्णीय पत्रकार नव्हता! फेब्रुवारी १९४४ मध्ये हॅरी मॅकअल्पिन आले तेव्हा असोसिएशनच्याच अध्यक्षांनी त्यांना सुचवलं की तुम्ही बाहेर थांबा, आम्ही आत काय झालं ते सांगतो. मॅकअल्पिननी ऐकलं नाही, ते आत गेले, आणि रूझवेल्टनी हात मिळवून त्यांचं स्वागत केलं. हे वाचताना मला आजही राग येतो. पुढे असोसिएशनने मॅकअल्पिन यांच्या नावाने स्कॉलरशिप सुरू केली, पण कधी, तर २०१४ मध्ये, सत्तर वर्षांनी.

कायद्याचा आधार यायला १९७७ उजाडलं. द नेशन या मासिकाच्या रॉबर्ट शेरिल यांना राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने प्रेस पास नाकारला होता, कारणही धड सांगितलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की असं मनमानी करून पास नाकारता येणार नाही, कारण द्या आणि उत्तर द्यायची संधी द्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये सीएनएनच्या जिम अकोस्टांचा पास काढून घेतला तेव्हा हाच निकाल कामी आला आणि जज टिमथी केली, जे ट्रम्प यांनीच नेमलेले, त्यांनी पास तात्पुरता परत द्यायला लावला.

पण ओव्हल ऑफिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची खोली, किंवा त्यांचं विमान एअर फोर्स वन यात सगळे मावत नाहीत, म्हणून मोजके पत्रकार आत जातात आणि बाकीच्यांना माहिती देतात, त्याला पूल म्हणतात. त्यात कोण जाणार हे असोसिएशन ठरवायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये एपी, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने, 'गल्फ ऑफ मेक्सिको' हेच नाव वापरत राहायचं ठरवलं, ट्रम्प यांनी 'गल्फ ऑफ अमेरिका' असं नवीन नाव दिलंय हेही ते सांगत होते, तरी त्यांच्या बातमीदारांना बाहेर ठेवलं गेलं. त्याच महिन्यात, २५ तारखेला, पूलमध्ये कोण असेल ते आता आम्हीच ठरवणार असं व्हाइट हाऊसने जाहीर केलं.

एप्रिलमध्ये जज ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी एपीच्या बाजूने आदेश दिला. ६ जूनला अपील कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी त्यातला मोठा भाग थांबवला, ओव्हल ऑफिससारख्या छोट्या जागेत कुणाला बोलवायचं ते राष्ट्राध्यक्ष ठरवू शकतात म्हणून, पण ईस्ट रूम या मोठ्या हॉलला मात्र ते लागू केलं नाही. म्हणजे जिथे सगळ्यात जवळून प्रश्न विचारता येतो नेमकी तीच जागा राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर गेली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.